‘स्केअर्स’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि उपयोग

वैशाखाचे दिवस आहेत. अंधेरीच्या एका बिऱ्हाडांत संध्याकाळच्या वेळीं सातवी-आठवींतला एक मुलगा इंग्रजीचा अभ्यास करीत बसला आहे. पाणीकपात चालू असल्यामुळें मोरीतलीं पिंपें, कळशा, इतकेंच नव्हे तर पातेलींसुद्धां भरून ठेवलेलीं आहेत. मुलापुढें वाक्य आहे, ‘वॉटर इज स्केअर्स इन समर.’ तो कोश उघडतो, पहिला प्रतिशब्द उचलतो आणि लिहितो, ‘उन्हाळ्यांत पाणी दुर्मिळ असतें.’ तें तो मोठ्यानें वाचतो, तेव्हां शेजारीं भाजी निवडीत बसलेली आजी म्हणते, “अरे, दुर्मिळ कसलें? दुर्मिळ म्हणजे तुझ्या आजोबांचीं तीं जुनीं नाणीं. पाण्याची टंचाई असते, बाळा!” मुलगा म्हणतो, “आजी, कोशांत दुर्मिळच दिलें आहे.” त्यावर आजी म्हणते, “कोशाला पाणी भरावें लागत नाहीं.”

प्रसंग कल्पित आहे, पण उपनगरांतील कोणत्याहि घरीं घडावा असा आहे; आणि या वादांत आजीचा पक्ष खरा आहे. तिला इंग्रजी येत नसेल, परंतु ज्या अनुभवाला इंग्रज मनुष्य ‘स्केअर्स’ हें विशेषण लावतो, तो अनुभव तिला पुरतेपणीं ठाऊक आहे. या एका विशेषणाचा नेमका अर्थ कोणता, तें कोठें योजावें व कोठें योजूं नये, याचा थोडा विचार करणें म्हणूनच अस्थानीं होणार नाहीं. शब्दाचा अर्थ चुकला तर परीक्षेंत एखादा गुण जातो, एवढ्यावरच हें प्रकरण संपत नाहीं; राज्यकारभारांत असा शब्द चुकला किंवा मुद्दाम चुकविला, तर त्याचे परिणाम माणसांना भोगावे लागतात.

इंग्रजींत उणेपणा दाखविणारीं विशेषणें अनेक आहेत. ‘फ्यू’ हें संख्या मोजतें. ‘स्कँटी’ हें माप मोजतें. ‘रेअर’ हें एखादी वस्तु किती विरळा आढळते तें सांगतें. ‘स्केअर्स’ या सर्वांहून निराळें आहे. हीं सगळीं मराठींत आणतांना ‘थोडें’, ‘अल्प’, ‘दुर्मिळ’ यांपैकीं हातीं लागेल तो शब्द घालून काम भागविण्याची संवय आपल्याकडे पडून गेली आहे. तीमुळें चार निरनिराळ्या गोष्टी एकाच दिव्यांत पाहिल्यासारख्या होतात.

प्रथम ‘रेअर’ घेऊं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत डोंगरउतारांवर कारवीचीं झुडपें आहेत. तीं सात वर्षें नुसतीं हिरवीं राहतात आणि आठव्या वर्षीं एकदम फुलतात. २०१६ सालीं असा बहर आला होता. हा बहर ‘रेअर’ होय. तो पाहावयास मिळाला तर भाग्य. न मिळाला तर कोणाची चूल अडत नाहीं. म्हणून त्याला कोणी ‘स्केअर्स’ म्हणणार नाहीं. दुर्मिळपणा हा त्या वस्तूचा स्वभावच असतो, आणि त्या स्वभावामुळें तिचें मोल वाढतें.

आतां ‘स्कँटी’. सातारा जिल्ह्यांतील माण तालुका पर्जन्यछायेंत येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस तेथें पोंचेपर्यंत हात आंखडता घेतो. तेथील पावसाला ‘स्कँटी’ म्हणावें, मराठींत तुटपुंजा म्हणावें. येथें केवळ माप सांगितलें आहे. तो पाऊस कोणाला हवा होता किंवा नव्हता, हा प्रश्न या शब्दांत येत नाहीं. निर्मनुष्य वाळवंटांतला पाऊसहि ‘स्कँटी’च असतो.

‘स्केअर्स’ म्हणावयाचें झाल्यास मात्र तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. ती वस्तु कोणाला तरी हवी असली पाहिजे; ती एरवीं मिळते किंवा मिळावयास हवी, अशी अपेक्षा असली पाहिजे; आणि प्रत्यक्षांत ती गरजेला पुरत नसली पाहिजे. म्हणजे हा शब्द वस्तूचें वर्णन करतो असें वाटत असलें, तरी खरोखर तो वस्तु आणि माणूस यांच्यामधील संबंधाचें वर्णन करतो. पोटापुरतें एक भाकरीचें पीठ घरांत असेल आणि खाणारा एकटाच असेल, तर पीठ थोडें आहे, पण ‘स्केअर्स’ नाहीं. खाणारीं पांच तोंडें असतील, तर तेंच पीठ ‘स्केअर्स’ झालें.

‘चांगला डॉक्टर’ या उदाहरणानें हा भेद अधिक स्पष्ट होईल. एखाद्या डॉक्टराला ‘रेअर’ म्हटलें, तर तो त्याचा गौरव झाला. असा माणूस विरळा, असें आपण म्हणतों. परंतु एखाद्या तालुक्यांत डॉक्टर ‘स्केअर्स’ आहेत असें म्हटलें, तर ती तक्रार झाली. त्या तालुक्यांत रोगी पुष्कळ आहेत आणि दवाखान्यांतील खुर्च्या रिकाम्या आहेत, असा तिचा अर्थ. ‘रेअर’ ऐकून मनुष्य मान डोलावतो. ‘स्केअर्स’ ऐकून त्यानें कांहीं हालचाल करावी, अशी अपेक्षा असते. जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या याद्यांत मात्र ‘स्केअर्स’ ही ‘रेअर’च्या खालची एक पायरी म्हणून येते. तेथेंहि पुस्तक शोधणारा गिऱ्हाईक गृहीत धरलेलाच असतो.

आतां उच्चार व वाक्यांतील उपयोग यांविषयीं दोन शब्द. उच्चार ‘स्केअर्स’ असा करावा. ‘स्कार्स’ म्हटल्यास ऐकणाऱ्याला व्रण असा अर्थ वाटेल. हें विशेषण बहुधा वाक्याच्या विधेयांत येतें; नामाच्या मागें तें बसतें तें मुख्यतः ‘साधनें’, ‘माल’ अशा शब्दांपुढें. यावरून बनलेलें ‘स्केअर्सली’ हें क्रियाविशेषण तर आमच्या विद्यार्थ्यांची नेहमींचीच अडचण. त्याच्या पोटांत नकार आधींच असतो. म्हणून त्याच्याबरोबर पुन्हां ‘नॉट’ घालूं नये. शिवाय त्याच्या जोडीला ‘व्हेन’ येतें, ‘दॅन’ येत नाहीं. ‘दॅन’ हें ‘नो सूनर’चें जोडीदार. ‘तो बोरिवली स्टेशनांत पोंचतो न पोंचतो तोंच गाडी सुटली,’ हें मराठी वाक्य पाहिलें, तर त्यांतहि एक ‘न’ दडलेला दिसेल. दोन भाषांना एकच युक्ति सुचलेली पाहून मौज वाटते. ‘मेक वनसेल्फ स्केअर्स’ असा एक वाक्प्रचारहि आहे. त्याचा अर्थ पोबारा करणें. भांडीं घासण्याची वेळ झाली कीं घरांतलीं मुलें जी गोष्ट करतात ती ही. नको असलेला मनुष्य दिसेनासा झाला तर तो नुसता गेला. हवा असलेला नेमक्या वेळीं दिसेनासा झाला, म्हणजे तो ‘स्केअर्स’ झाला.

या शब्दाची कुळकथाहि बोधप्रद आहे. तो इंग्रजींत फ्रेंच मार्गानें आला आणि त्याचें मूळ लॅटिनमधील ‘वेंचून काढणें’ या अर्थाच्या क्रियापदांत आहे. ‘एक्सर्प्ट’, म्हणजे ग्रंथांतून वेंचून घेतलेला उतारा, हा त्याचा सख्खा भाऊ. त्याहून मागें गेलें तर ‘हार्व्हेस्ट’, म्हणजे सुगी, हा शब्दहि त्याच कुळांतला असून, आपल्या संस्कृतांतील ‘कृपाण’ हा शब्दहि भाषाशास्त्रज्ञ त्याच धातुकुळांत बसवितात. सुगी आणि टंचाई एका मुळाच्या निघाव्या, हें ऐकून प्रथम आश्चर्य वाटतें. परंतु शेतांतून कोणी तरी वेंचून नेल्यावर मागें जें उरतें, तेंच पुढें अपुरें पडतें. जुन्या इंग्रजींत या विशेषणाचा आणखी एक अर्थ होता, तो म्हणजे चिक्कू, हात आंखडणारा. तो अर्थ पुढें लोपला. परंतु टंचाईच्या मागें कधीं कधीं कोणाचा तरी आंखडलेला हात असतो, ही आठवण त्या शब्दाच्या इतिहासांत राहून गेली.

आतां पुन्हां मुंबईच्या उपनगरांकडे वळूं, कारण ‘स्कँटी’ आणि ‘स्केअर्स’ यांतील भेद येथल्याइतका स्पष्ट क्वचितच कोठें दिसेल. सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका पावसाळ्यांत सरासरीनें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो. २६ जुलै २००५ च्या एका दिवसांत तेथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि माणसें पाण्यांत बुडालीं. इतक्या पावसाला ‘स्कँटी’ म्हणण्याची कोणाची छाती होईल? तरी पुढच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याच वस्त्यांत हंड्यांची रांग लागते. पाऊस उदंड आणि पाणी टंच! म्हणजे टंचाई आकाशांतच सुरू होते असें नाहीं. पाणी आडवणें, साठविणें, वाहून नेणें आणि वांटणें या चार पायऱ्यांपैकीं कोठें तरी ती उत्पन्न होते.

मुंबई बेटाला पाणी पुरविणारा पहिला मोठा तलाव विहार हा १८६० सालीं पुरा झाला, त्याच्या शेजारचा तुळशी १८७९ सालीं. दोन्ही आजच्या उपनगरांच्या हद्दींत आहेत. त्यांचें पाणी नळावाटे शहरांत गेलें, आणि साष्टींतील भोंवतालचीं गांवें मुख्यतः आपल्या विहिरी व तळीं यांवर राहिलीं. पुढें १८९२ सालीं तानसा आला. १९५० व १९५७ सालीं उपनगरें टप्प्याटप्प्यानें बृहन्मुंबईंत सामील झालीं आणि पाण्याची वाट उलटी झाली. शहराच्या तहानेंत उपनगरांची तहान मिळाली. वैतरणा व भातसा या नद्या अडविण्यांत आल्या. मध्य वैतरणेचें धरण तर २०१४ सालचें. २०११ च्या शिरगणतींत उपनगर जिल्ह्याची वस्ती ९३ लाखांवर, तर शहर जिल्ह्याची ३० लाखांवर भरली, म्हणजे दर चार मुंबईकरांपैकीं तीन उपनगरवासी. आज या महानगराला रोज जवळजवळ चारशे कोटी लिटर पाणी येतें.

आणि जेथून तें येतें तेथें काय दिसतें? भातसा आणि तानसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यांत आहेत, त्याच तालुक्यांतील अनेक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरनें पाणी पुरवावें लागतें. ‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार,’ अशी आपली म्हण आहे. येथें आड भरलेला असून पोहरा रिकामा आहे. ‘शहापुरांत पाणी दुर्मिळ आहे,’ हें वाक्य म्हणूनच असत्य ठरतें. ‘शहापुरच्या पाड्यांना पाण्याची टंचाई आहे,’ हें सत्य.

या दोन वाक्यांत आणखी एक भेद आहे आणि तो मराठीच्या प्रकृतीचा आहे. ‘स्केअर्स’ला अगदीं जुळेल असें रुळलेलें विशेषण मराठींत नाहीं, आपण नाम वापरतों. जिन्नसांचा तुटवडा, पैशाची चणचण, चांगल्या माणसांची वानवा, आणि पाणी, धान्य, चारा यांची टंचाई. हें आपल्या भाषेचें दारिद्र्य आहे असें समजूं नये. इंग्रज ‘पाणी स्केअर्स आहे’ असें म्हणून वाक्य संपवूं शकतो. मराठींत ‘टंचाई भासते’ म्हटलें कीं ‘कोणाला?’ हा प्रश्न जिभेवर येतो, आणि त्या ‘ला’ प्रत्ययासाठीं वाक्यांत जागाहि तयार असते. ती जागा भरणें हें चांगल्या भाषांतरकाराचें काम.

अर्थशास्त्रज्ञांनींहि या शब्दाला मोठा मान दिला. पाणी इतकें उपयोगी असून स्वस्त कां आणि हिरा इतका निरुपयोगी असून महाग कां, हें कोडें ॲडम स्मिथनें १७७६ सालीं मांडलें. १९३२ सालीं लायोनेल रॉबिन्स यांनीं अर्थशास्त्राची व्याख्याच अशी केली कीं, माणसाचे हेतु आणि अनेक कामीं येऊं शकणारीं अपुरीं साधनें यांच्या मेळाचा तो अभ्यास होय. येथें ‘अपुरीं’साठीं त्यांनीं योजलेलें विशेषण ‘स्केअर्स’ हेंच. परंतु साधन अपुरें आहे एवढें म्हणून भागत नाहीं. मे १९४३ मध्यें मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें, तेव्हां ‘टंचाई’ आणि ‘काळा बाजार’ हे शब्द घरोघर बोलले जाऊं लागले. धान्य नसणें आणि धान्य कोठारांत असून दुकानांत नसणें, या दोन गोष्टींतला फरक त्या पिढीनें पदरमोड करून शिकला. त्याच वर्षीं बंगालमध्यें लाखों लोक अन्नावांचून मेले. त्या वर्षीं बंगालमधील धान्याचा पुरवठा १९४१ च्या मानानें कमी नव्हता. कमी पडली ती मजुरांची धान्य विकत घेण्याची शक्ति, असें प्रतिपादन अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें आहे. धान्य सर्वांनाच सारखें ‘स्केअर्स’ नव्हतें.

सरकारी कागदांत हा शब्द शिरला, म्हणजे त्याचें वजन किती वाढतें, हेंहि पाहण्यासारखें आहे. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगानें १८८० सालीं अहवाल दिला आणि त्यावरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे टंचाई आणि ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ, अशा दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. संकटाची शंका आली कीं परीक्षेचीं कामें काढावयाचीं, तेथें किती माणसें अल्प मजुरीवर राबावयास येतात तें पाहावयाचें, आणि मग पुढची पायरी जाहीर करावयाची. म्हणजे कोणता शब्द वापरावयाचा, यावर किती मदत उघडावयाची तें ठरत असे.

स्वातंत्र्यानंतर १९६३ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. त्यामागील विचार असा कीं, सरकार परिस्थितीवर सतत लक्ष ठेवतें आणि टंचाईचीं चिन्हें दिसतांच मदत करतें. तेव्हां दुष्काळाची पायरी येण्याचें कारणच उरत नाहीं. हें एक वचन होतें, आणि वचन म्हणून तें वाईट नव्हतें. पुढें दहा वर्षांच्या आंतच १९७२ चें अवर्षण आलें. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं. त्या कामांनीं असंख्य प्राण वांचविले आणि त्यांतूनच पुढें १९७७ चा रोजगार हमी कायदा उभा राहिला. वचन त्या वेळीं बरेंचसें पाळलें गेलें, याचें श्रेय दिलेंच पाहिजे. परंतु कायद्यांत टंचाई असली, तरी खडी फोडणाऱ्या बाईच्या तोंडीं शब्द होता तो दुष्काळ. ‘दुष्काळांत तेरावा महिना’ ही म्हण कोणत्याहि विधिमंडळाला रद्द करतां येत नाहीं.

कागदावरचा शब्द आणि तोंडचा शब्द यांतील हें अंतर पुढेंहि राहिलें. ‘दुष्काळसदृश परिस्थिति’ असा एक नवा शब्दप्रयोग रूढ झाला. तहानलेल्याला तहानसदृश अवस्था झाली आहे, असें म्हणण्यासारखाच हा प्रकार. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढें गेलें, आणि मे २०१६ मध्यें राज्य शासनानें २९,००० हून अधिक गांवांच्या बाबतींत ‘दुष्काळसदृश’च्या जागीं ‘दुष्काळ’ असें वाचावें, हें मान्य केलें. एका ‘सदृश’ शब्दासाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागली.

उपनगरांच्या नळालाहि असाच एक निवाडा लाभला आहे. मुंबईंत बरीच वर्षें इमारतींतील माणसाला दिवसास १३५ लिटर आणि झोपडींतील माणसाला ४५ लिटर असें पाण्याचें माप धरलें जात असे. आणि ठराविक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना तेंहि मिळत नसे. पाणी हक्क समितीच्या अर्जावर डिसेंबर २०१४ मध्यें उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, पाणी मिळणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असली, तरी तींत राहणाऱ्याला पाणी अजिबात नाकारतां येणार नाहीं. सर्वांना सारखें पाणी मिळावें असें मात्र न्यायालयानें म्हटलें नाहीं. घाटकोपरच्या टेंकडीवरील वस्तींत आणि खालच्या रस्त्यावरील इमारतींत एकाच तलावाचें पाणी येतें. ‘मुंबईंत पाणी स्केअर्स आहे,’ या एका वाक्यानें या दोन घरांची हकीकत सांगतां येणार नाहीं.

तेव्हां अंधेरीच्या त्या मुलानें काय लिहावें? परीक्षेपुरतें ‘उन्हाळ्यांत पाण्याची टंचाई असते’ हें उत्तर शुद्ध आहे आणि त्याला पूर्ण गुण द्यावे. परंतु त्याच्या वडिलांनीं त्याला तेथेंच सोडूं नये. वर्तमानपत्रांत ‘स्केअर्स’ किंवा ‘टंचाई’ हा शब्द दिसला कीं तीन प्रश्न विचारण्याची संवय त्याला लावावी : कोणाला? कशाच्या मानानें? आणि आधीं कोणी किती वेंचून नेलें? आजीला हे प्रश्न शिकवावे लागणार नाहींत. सकाळीं नळ आला कीं शेजारच्या बिऱ्हाडाची कळशी भरली कीं नाहीं, हें ती आपलें पिंप भरण्यापूर्वींच पाहून येते.